कोयना दाखवता, ती कुठली?

सातारा जिल्ह्याच्या पर्यटनाचे कुठलेही माहितीपत्रक घ्या. कासची फुले, ठोसेघरचा धबधबा, महाबळेश्वरचे पॉइंट, वासोट्याची चढण, आणि जागा उरलीच तर शेवटी कोयनानगर. त्या कोयनानगरात पाहायचे काय? नेहरू उद्यान, ओझर्डे धबधबा आणि धरणाचे ‘विहंगम दृश्य’. माझा आक्षेप या दोन ओळींवर आहे. महाराष्ट्राने डोंगर फोडून जे सर्वांत मोठे काम उभे केले त्या कामाच्या गावाची ओळख बाग आणि धबधबा अशी करून देणे ही लबाडी आहे. ती अजाणता होत नाही. बागेला इतिहास नसतो आणि धबधबा कुणाला जाब विचारत नाही, म्हणून या दोन गोष्टी पुढे केल्या जातात.

मी कराडचा. आमच्याकडे कोयना ही नदी नंतर, आधी धरण. पावसाळ्यात चावडीवर, एसटीत, दुधाच्या डेअरीवर एकच चौकशी असते: कोयना किती भरली? टीएमसी म्हणजे काय हे आमच्या पोरांना शाळेत शिकवावे लागत नाही. पाहुणे आले की त्यांना कोयना दाखवायला न्यायचे हा रिवाजच आहे. कराडहून पाटण, पाटणहून हेळवाक, साठेक किलोमीटरचा रस्ता. इतकी वर्षे मी माणसांना तिथे नेतो आणि दरवेळी तीच चीड घेऊन परततो. उद्यानाच्या टेकडीवरून भिंत दिसते, भिंतीमागे पाणी दिसते, फोटो होतो, भजी होतात. बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाने तिथेच मला विचारले, ‘‘काका, वीज कुठं तयार होते?’’ मी समोर बोट दाखवू शकलो नाही. बहुतेक वीज समोर तयार होतच नाही. ती डोंगराच्या पलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यात, जमिनीच्या पोटात तयार होते, आणि तिथे त्या मुलाला परवानगीशिवाय कुणी पाऊल ठेवू देणार नाही.

या गावात खरोखर काय आहे ते आधी सांगतो.

कोयना महाबळेश्वरात उगम पावते आणि दक्षिणेकडे वाहत हेळवाकपाशी एकदम पूर्वेला वळते. त्या वळणावर 1950 आणि 60च्या दशकात 103 मीटर उंचीची आणि 800 मीटरहून लांब भिंत उभी राहिली. ती रबल काँक्रीटची आहे, म्हणजे तिच्या पोटात माणसांनी फोडलेला, माणसांनी रचलेला दगड आहे. मागे शिवसागर जलाशय, आजची क्षमता 105.25 टीएमसी. पण भिंत ही या कामाची लहान बाजू. खरे काम पश्चिमेला झाले. सह्याद्रीच्या कड्याखाली कोकण सरळ खाली कोसळते. पाणी पूर्वेला सोडण्याऐवजी नवजाजवळून बोगद्याने पश्चिमेला वळवायचे, कड्याच्या आतून जवळजवळ पावणेपाचशे मीटर खाली पाडायचे आणि त्या पडण्यावर चक्रे फिरवायची, अशी ही कल्पना. त्यासाठी पोफळीच्या डोंगरात वीजगृह कोरले. 1962 मध्ये पहिला संच फिरला. मग दुसरा टप्पा, कोळकेवाडीचा तिसरा, आणि 1,000 मेगावॉटचा चौथा. धरणाच्या पायथ्याचे छोटे वीजगृह धरून एकूण 1,960 मेगावॉट. संध्याकाळी राज्यभर दिवे लागतात, मागणी एकदम चढते, तेव्हा औष्णिक केंद्राला तेवढ्या घाईने धाव घेता येत नाही. कोयनेचे संच काही मिनिटांत धावतात.

आणि चौथ्या टप्प्यासाठी काय केले? भरलेले धरण रिकामे करता येत नव्हते. म्हणून अभियंत्यांनी जलाशयाच्या तळाखालून बोगदा खणत आणला, वर पाण्याचा डोंगर आणि खाली माणसे, मध्ये खडकाचा एक शेवटचा पडदा ठेवला आणि 13 मार्च 1999 रोजी तो पडदा स्फोटाने उडवला. लेक टॅपिंग. आशियात हे पहिल्यांदा घडले. 25 एप्रिल 2012 रोजी पुन्हा केले. मराठी माणसाच्या हातून झालेल्या स्थापत्याच्या कामांत याच्या जवळपास येणारे दुसरे काम मला दाखवा. लोहगडाच्या तटाचे कौतुक आपण तीनशे वर्षे करतो, केलेच पाहिजे. मग या बोगद्याचे कौतुक करायला तीनशे वर्षे जायला हवीत काय?

सुरक्षेचे कारण पुढे येते. धरण आणि वीजगृह ही संवेदनशील ठिकाणे आहेत, तिथे कुणालाही सोडता येत नाही. हे कारण मला मान्य झाले असते, जर सरकारने स्वतः ते पाळले असते. शिवसागरात नौकाविहाराला गोपनीयतेच्या कायद्याची आडकाठी होती. पर्यटनासाठी ती शिथिल करण्यात आली आणि 2024 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते जावळी तालुक्यात मुनावळ्याला जलपर्यटनाचे उद्घाटन झाले. म्हणजे जेट-स्कीसाठी कायदा वाकतो. वीज कशी होते हे पाहू इच्छिणाऱ्या शाळेच्या पोरासाठी मात्र तो ताठ उभा राहतो. यात सुरक्षा कुठे आली? यात फक्त काय दाखवायचे आणि काय झाकायचे याची निवड आहे.

अमेरिकेत हूवर धरणाच्या वीजगृहात तिकीट काढून, झडती देऊन सामान्य माणसे रोज उतरतात. तेवढे लांब जायला नको. नागपूरजवळ सावनेरच्या जमिनीखालच्या कोळसा खाणीत वेस्टर्न कोलफील्ड्स आणि राज्याचे पर्यटन महामंडळ यांनी 2016 पासून पर्यटक उतरवले. डोक्यावर हेल्मेट, कमरेला दिवा, सोबत खाणीतला माणूस. कोळशाच्या चालू खाणीत, जिथे वायू असतो, छत कोसळू शकते, तिथे हे जमले. आणि पोफळीच्या पक्क्या खडकातल्या, रस्त्याने मोटार आत जाते अशा वीजगृहात जमत नाही, हे मी का मानावे?

ऑस्ट्रेलियात सिडनीपासून हजारावर किलोमीटर आत, ओसाड माळावर ब्रोकन हिल नावाचे गाव आहे. चांदी, शिसे, जस्त. 1883 मध्ये तिथे खनिज सापडले आणि जगातल्या बलाढ्य खाण कंपन्यांपैकी एकीचा जन्म तिथे झाला. आसपास ना समुद्र, ना धबधबा, ना हिरवळ. पर्यटकाला दाखवायला त्या गावाने काय ठेवले? स्वतःची खाण. गावाच्या मधोमध खाणीच्या मातीचा जो ढिगारा डोंगरासारखा उभा आहे त्याच्या माथ्यावर त्यांनी खाणीत मेलेल्या कामगारांचे स्मारक बांधले. आठशेहून अधिक नावे, आणि प्रत्येक नावाशेजारी तो माणूस कशाने मेला ते. कुणी दरडीखाली, कुणी शिशाच्या विषाने. 2015 मध्ये त्या देशाच्या राष्ट्रीय वारसा यादीत गेलेले ते पहिले शहर ठरले. तिथले लोक काही आपल्यापेक्षा भावनाप्रधान नाहीत. आपल्या गावाचे मोल कशात आहे हे त्यांना कळले, आणि ते लपवण्यासारखे नाही हेही कळले.

कोयनेच्या भिंतीत दगड फोडणारे किती हात होते? बोगद्यात किती माणसे दगावली? इतक्या मोठ्या कामात माणसे मरतात, इथेही मेली. त्यांची नावे वाचायला मिळावीत म्हणून मी उद्यानात, रस्त्यावर, वसाहतीत पाहत फिरलो आहे. धरणाची उंची कळते, लांबी कळते, दरवाजे किती ते कळते. उद्घाटन कुणी केले ते दगडात कोरलेले सापडते. वडाराचे, बोगद्यातल्या सुरुंगवाल्याचे, ट्रॉलीवरच्या पोराचे नाव मला तरी सापडले नाही. पुढाऱ्याचे नाव कोरायला दगड मिळतो आणि तो दगड फोडणाऱ्याचे नाव कोरायला मिळत नाही, याची लाज सरकारइतकीच आपल्यालाही वाटायला हवी.

आता शिवसागराकडे येतो. ज्याच्यावर बोटी फिरतात, ज्याला जाहिरातीत ‘निळेशार’ म्हणतात, ते पाणी शंभराहून अधिक गावांवर उभे आहे. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात 1976 मध्ये आला. कोयनेची माणसे त्याच्या दीड-दोन दशके आधी उठली. म्हणजे कायदा नसताना उठली. कुणी सोलापूरकडच्या माळावर गेले, कुणी सांगलीकडे, कुणी ठाणे, रायगड, रत्नागिरीत. कित्येकांनी लांब जायचे नाकारले आणि पाणी चढेल तसे आपले घर डोंगरात वर वर नेले. ज्या पाण्याने त्यांची भातखाचरे खाल्ली त्याच पाण्यावर तयार झालेली वीज मुंबईला गेली, आणि त्यांच्या झोपड्यांत वर्षानुवर्षे रॉकेलची चिमणी जळत राहिली. आजारी माणसाला लाँचमध्ये घालून पलीकडे न्यायचे, लाँच बंद असेल तर वाट पाहायची, असे जगणे कांदाटी आणि जावळीच्या खोऱ्यात दोन पिढ्यांनी काढले.

तिथेच संपले असते तरी एक वेळ. 1985 मध्ये कोयना अभयारण्य जाहीर झाले. डोंगरात वर सरकलेल्या त्याच माणसांच्या भोवती आता अभयारण्याची हद्द आली. लाकूड तोडायचे नाही, गुरे चारायची नाहीत, सडक मागायची नाही. 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला. मला वाघ हवा आहे. जंगल हवे आहे. पण ज्याला धरणाने एकदा उठवले त्यालाच अभयारण्याने दुसऱ्यांदा उठवायचे आणि पहिल्या उठवण्याची जमीन अजून द्यायची शिल्लक ठेवायची, याला कुठल्या शहाण्याने न्याय म्हणावे? 2018 मध्ये श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली, डॉ. भारत पाटणकरांच्या पुढारपणाने, हजारो धरणग्रस्तांनी कोयनानगरात ठिय्या दिला. त्यात नातवंडे होती. आजोबाची जमीन पाण्यात गेली आणि नातू पर्यायी जमिनीसाठी उन्हात बसला. त्या दिवसांत उद्यानात आलेल्या पर्यटकाने जर विचारले असते की ही माणसे कशाला बसली आहेत, तर तो कोयनेविषयी त्याच्या सगळ्या सहलीत कळले नसते तेवढे तासाभरात शिकला असता.

चांदोलीची कथा वेगळी नाही. सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात वारणेवर धरण झाले, मागे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि आतली माणसे खाली वाळवा-मिरजेकडच्या वसाहतींत आली. आज चांदोलीला सफारीसाठी गाडी सुटते. गाडीवरचा माणूस गव्याचे शेण दाखवतो, शेकरूचे घरटे दाखवतो. उजाड जोती दिसली तर पुढे नेतो. त्या जोत्यावर कुणाची चूल होती हे सांगायला त्या गाडीत खालच्या वसाहतीतला एखादा म्हातारा बसवायला काय हरकत आहे?

भूकंपाचे बोलायला हवे, कारण कोयनानगर जगाला माहीत आहे ते त्या एका पहाटेमुळे. 11 डिसेंबर 1967, पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटे. सुमारे 180 माणसे मेली, दोन हजारांवर जखमी झाली, गावेच्या गावे आडवी झाली. मुंबईची वीज गेली, तेव्हा राजधानीला कळले की आपला दिवा कुठून जळतो. धरणाच्या भिंतीला वरच्या भागात तडे गेले, पण भिंत उभी राहिली, आणि म्हणून कराड, सांगली आज नकाशावर आहेत. पुढे तिला भक्कम टेकू दिले. धरणात पाणी साठल्याने भूकंपाला चालना मिळते या विषयावर जगात कुठेही पुस्तक निघाले तरी त्यात कोयनेचे प्रकरण असते. आजही जमीन थांबलेली नाही. पाटणचा माणूस धक्का आला की ताटावरून उठत नाही, किती रिश्टर असेल याचा अंदाज बांधतो आणि बहुधा बरोबर बांधतो. भूकंप जिथे जन्मतो तिथेच जाऊन त्याला ऐकावे म्हणून गोठण्याला 2017 मध्ये 3 किलोमीटर खोल भोक पाडले आणि कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची भूविज्ञानाची प्रयोगशाळा उभी राहिली. एवढे सगळे आमच्या तालुक्यांत आहे. एखाद्या जाणत्या देशाने इथे असे प्रदर्शन उभारले असते की देशभरातली पोरे सहलीला आली असती: हा खडक, हा त्यातला तडा, हे आलेख, ही त्या रात्रीची घरे, ही मेलेल्यांची नावे. आपल्याकडे 11 डिसेंबरला स्थानिक माणसे एकत्र येतात, फुले वाहतात, आणि वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी येतात. हॉटेलांना मात्र ‘भूकंप’ हा शब्द नको असतो, त्याने गिऱ्हाईक बिचकते म्हणे.

गिऱ्हाईक बिचकायला हवे. 2021च्या जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आला आणि घरेच्या घरे माणसांसकट गाडली गेली. ही गावे पाटण तालुक्यातली, कोयनेच्या आसपासची. वाचलेल्यांना आसरा मिळाला तो कोयनानगरच्या वसाहतीत, धरण बांधणाऱ्यांसाठी उभारलेल्या जुन्या खोल्यांत. ज्या डोंगरात पाऊस महाबळेश्वरशी स्पर्धा करतो, ज्याची जमीन हलते, ज्याच्या उतारावरून दरड येते, त्या डोंगरात आता सरकारला नवीन गिरिस्थान वसवायचे आहे.

‘नवीन महाबळेश्वर.’ रस्ते विकास महामंडळाच्या हाती सातारा, जावळी, पाटण, महाबळेश्वर या तालुक्यांतली 235 गावे दिली, पुढे त्यात आणखी गावांची भर घालण्याचे ठरले. आराखड्यात काय आहे? रोप-वे, रस्ते, हॉटेले, थंड हवेचे पॉइंट. जुन्या महाबळेश्वराचे काय केले ते डोळ्यांपुढे आहे: सुट्टीच्या दिवशी वेण्णा तलावापाशी तास तास अडकलेल्या गाड्या, टँकरचे पाणी, ओढ्यात सोडलेला मैला. ते महाबळेश्वर भरले, आता दुसरे काढायचे. आणि ते कुठे? जिथे धरणाने आणि अभयारण्याने माणसाला रस्ता मिळू दिला नाही, नेमके तिथे. साठ वर्षे आजारी बाईसाठी जो रस्ता होऊ शकला नाही तो रिसॉर्टसाठी होतो आहे. 2024 मध्ये कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणीचे प्रकरण बाहेर आले. एका बड्या सरकारी अधिकाऱ्याने आणि त्याच्या नातलगांनी तिथे शेकडो एकर जमीन घेतल्याचा आरोप झाला, जिल्हा प्रशासनाने कमाल जमीन धारणेच्या कायद्याखाली सुनावण्या लावल्या. निकाल काय लागायचा तो लागो. माझा प्रश्न साधा आहे: परमुलखातल्या माणसाला त्या दुर्गम डोंगरात शेकडो एकर घ्यावेसे कधी वाटते? रस्ता कुठून जाणार हे त्याला आधी कळले तर. आणि गावकऱ्याने ती कवडीमोलाने का दिली? आपली जमीन आपली राहिलेलीच नाही अशी त्याची साठ वर्षांत समजूत करून दिली म्हणून.

म्हणजे धरण, अभयारण्य आणि आता पर्यटन. तिसऱ्यांदा उठवणे आहे हे. पहिल्या दोन वेळा निदान राज्याला वीज हवी होती, देशाला जंगल हवे होते. या वेळी कुणाच्या तरी खिडकीतून पाणी दिसावे म्हणून माणूस उठायचा आहे.

‘‘पण स्थानिकांना रोजगार मिळतो,’’ असे मला सांगितले जाते, आणि सांगणारे सगळे दलाल नसतात. बामणोलीचा बोटवाला, तापोळ्याचा खानावळवाला, नवजाचा कणसे भाजणारा पोरगा हे माझे शत्रू नाहीत. त्यांना कमावू द्या, अधिक कमावू द्या. पण हिशेब मांडा. जमीन विकलेला माणूस त्याच जमिनीवरच्या हॉटेलात वेटर होतो, आणि त्याचा मुलगा पार्किंगच्या पावत्या फाडतो. मालकाचा चाकर झाला त्याला रोजगार म्हणायचे असेल तर शब्द तुमचा तुम्हाला लखलाभ. बोटीचा परवाना धरणग्रस्ताच्या सोसायटीलाच, घरगुती मुक्कामाचा परवाना गावात राहणाऱ्यालाच, वाटाड्या खोऱ्यातलाच आणि गाडीची फी ग्रामपंचायतीत जमा. हे नियम करा, मग रोजगाराचे नाव घ्या.

सांगलीच्या वाचकांना वाटेल हा साताऱ्याचा तंटा आहे. तुमच्या आयर्विन पुलाकडे पाहा. 40 फुटांवर इशारा, 45 फुटांवर धोका. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेले तेव्हा सांगलीतल्या प्रत्येक घरात विचारले जात होते ते कोयनेच्या विसर्गाचे आकडे. आणि उन्हाळा आला की ताकारी, टेंभू, म्हैसाळच्या पंपांसाठी त्याच कोयनेकडे हात जोडले जातात. आटपाडीच्या डाळिंबात आणि कवठेमहांकाळच्या द्राक्षात पाटणच्या बुडालेल्या भातखाचराचा वाटा आहे. शिवाय दरवर्षी 67.5 टीएमसीपर्यंत पाणी पश्चिमेला वळते, वीज करून वाशिष्ठीत उतरते आणि समुद्राला जाते. ते तसेच राहावे की पूर्वेच्या दुष्काळाला द्यावे, हा वाद आपल्या दोन जिल्ह्यांचा सर्वांत मोठा वाद आहे. ज्यांनी तो बोगदाच पाहिलेला नाही ती माणसे यावर मत काय देणार? पुढाऱ्याने सांगितले तेच. कोयना न दाखवण्याचा खरा फायदा कुणाला आहे, ते इथे कळते. पाणी कुठून कुठे जाते हे प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिले तर व्यासपीठावरची निम्मी भाषणे बंद पडतील.

हा रोग कोयनेपुरता नाही. या दोन जिल्ह्यांना आपल्या श्रमाची ठिकाणे दाखवायची लाज वाटते. कराडशेजारी ओगलेवाडीत 1916 मध्ये काचकारखाना निघाला आणि तिथला प्रभाकर कंदील घराघरांत टांगला गेला. आज रेल्वेने जाणाऱ्याला ओगलेवाडी हे फक्त नाव आहे. 1910 मध्ये औंधच्या राजाने दिलेल्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि गाव वसवले, नांगर आणि पंप बनवले, तिथूनच 1920 मध्ये मासिक निघाले आणि मराठी घराघरांत गेले. सांगलीच्या पर्यटनाच्या यादीत किर्लोस्करवाडी कितव्या क्रमांकावर आहे, पाहा. येरळेच्या काठी बलवडी-तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या हिमतीवर बळीराजा धरण बांधले, सरकारशी भांडून. पाणी समान वाटायचे हे तिथे आधी ठरले आणि भिंत नंतर उठली. कोयना पाहिलेल्या प्रत्येकाने ते धरणही पाहिले पाहिजे, दोन्ही एकाच सहलीत. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली माणसे फोटो काढतात. ती वीज कुणाची, पठारावरची जमीन कुणाची होती, हे सांगणारा फलक तिथे कुणी लावलेला मी पाहिला नाही.

माझ्या मागण्या लिहून ठेवतो, म्हणजे कुणी म्हणायला नको की नुसती आरडाओरड केली. पोफळीच्या वीजगृहातला एक भाग ठरलेल्या दिवशी, ओळखपत्र पाहून, झडती घेऊन लोकांना खुला करा, शाळांना विनामूल्य. कोयनानगरच्या वसाहतीत रिकामे पडलेले एखादे मोठे बांधकाम घ्या आणि तिथे कोयनेचे संग्रहालय उभारा. त्यात टर्बाइनचे पाते ठेवा, लेक टॅपिंगचे नकाशे ठेवा, भूकंपाचे आलेख ठेवा. त्याच्या भिंतींवर बुडालेल्या प्रत्येक गावाचे नाव लिहा, पुढे कुठे वसवले ते लिहा, आणि किती खातेदारांची जमीन अजून द्यायची आहे तो आकडाही तारखेसह लिहा, दरवर्षी बदलून. सरकारला तो आकडा लिहायला लाज वाटत असेल तर जमीन देऊन तो शून्यावर आणावा. 1967च्या मृतांची आणि बांधकामात गेलेल्या कामगारांची नावे शोधा. पाटबंधारे खात्याच्या दप्तरात, मजुरांच्या हजेरीपटांत, गावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ती मिळतील, पण म्हातारे संपत चालले आहेत. हे सगळे चालवायला धरणग्रस्तांची मुले घ्या. आणि नवीन महाबळेश्वरचा आराखडा धरणग्रस्तांच्या शेवटच्या खातेदाराला जमीन मिळेपर्यंत कुलपात ठेवा.

तोवर वाचकाला एक विनंती. यंदा कोयनेला जाल तेव्हा धबधबा जरूर पाहा, पावसात तो पाहण्यासारखाच असतो. पण उद्यानाच्या फाटकावर उभे राहून तिथल्या अधिकाऱ्याला विचारा की वीजगृह पाहायचे आहे, अर्ज कुणाकडे करायचा. नाही म्हणाला तर लेखी मागा. आणि परतताना हेळवाकला गाडी थांबवून चहाच्या टपरीवरच्या कुणालाही विचारा, तुमचे मूळ गाव कुठले. उत्तर देताना जो माणूस पाण्याकडे हात करेल, त्याच्यापाशी बसा आणि त्याला बोलू द्या.